अकरावा खड्डा

११ जुलै

संघप्रिया, जयभीम.

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, मनालीनं दिला. तिला बोलू नकोस. ती देत नव्हती, मी तीन दिवस तिच्या दुकानात जाऊन बसलो तेव्हा कंटाळून दिला. माझा फोन तू उचलत नाहीस, ते ठीकच आहे. खरं म्हणजे फोनवर बोलायला मलाच भ्या वाटतं. फोनमधलं बोलणं कुठंतरी साठून राहतं म्हणे. कागद फाडता येतो. हा वाचून झाला की फाड.

तुझ्या आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या भावाचं, प्रसेनजीतचं काम जोरात चाललंय. बिल्डर उदयसिंह साहेबांच्या दोन नव्या इमारतींचा मजुरीचा ठेका त्याला मिळालाय, त्यामुळे घरात त्यांचं नाव काढून काही बोलता येत नाही. मी हे पत्र संडासाच्या मागच्या पडवीत बसून लिहितोय.

परवा पेपरात आलं. ज्या इमारतींना पर्यावरणपूरक म्हणून घरफाळ्यात सवलत मिळते, त्या सगळ्यांची महापालिका फेरतपासणी करणार आहे. गच्चीवर सोलर आहे का, ओल्या कचऱ्याचं खत करतात का, आणि पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा आहे का. जुन्या फायली काढून फोटो जागेशी ताडून बघणार. हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

त्या फोटोंचं तुला काय सांगायचं? शाहूपुरीतल्या त्या प्लॅन काढणाऱ्या ऑफिसात तू नोकरीला लागलीस आणि तिसऱ्या महिन्यात तुझ्याच हाताला ते लागले. फायली अकरा इमारतींच्या, खड्डा एकच, साहेबांच्या बंगल्यातला, आणि त्यात टेप धरून उभा राहिलेला तुझा बाप. मिस्त्री खड्ड्यात उभा पाहिजे म्हणजे खोली कळते, अशी त्या ऑफिसची पद्धत होती. मी सदरे बदलले होते. दोनदा टोपी घातली. एकदा साहेबांच्या ड्रायव्हरचा चष्मा लावला. तू ते अकरा फोटो आपल्या चटईवर ओळीनं मांडलेस आणि म्हणालीस, "आबा, चष्म्यात चांगले दिसताय." त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

मी तुला तेव्हाही सांगत होतो, आताही सांगतो. खड्डा खणायचा म्हणजे एका गाडीची जागा जाते. साहेबांना ती विकायची असते. मग गच्चीवरनं पाइप खाली आणायचा, फरशीत घुसवायचा, वर खडी पसरून दोन कुंड्या ठेवायच्या. खाली काही नाही. पाणी जिरायच्या ऐवजी गटारात गेलं, एवढंच. दहा ठिकाणी काहीच नाही, आणि काहीच नसलेल्यानं माणूस मरत नाही.

दहा लिहिलं गेलं. तू अकरा मोजले होतेस. साहेबांच्या बंगल्यातला खरा खड्डा धरून माझ्या हातनं तसं लिहिलं गेलं असेल.

मला एवढंच कळव, फोटोवरून माणसाला पकडतात का? पाच वर्षांत मी बराच वाळलोय. नदीला राजाराम बंधाऱ्यापाशी आज अठ्ठावीस फूट पाणी आहे.

तुझा आबा

१६ जुलै

संघप्रिया,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट बघत नाही. लिहिलं की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून लिहितो.

पाणी चौतीस फुटांवर गेलंय. एकोणचाळीसला इशारा आणि त्रेचाळीसला धोका, हे तुला सांगायला नको. आपल्या घराला काही होत नाही, आपण उंचावर. तरी मी सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आकडा विचारतो. दुकानदार म्हणतो, मिस्त्री, तुमचं शेत हाय का काय नदीला?

काल मी शाहूपुरीत गेलतो. खालच्या अंगाला, नाल्याजवळ साहेबांची ती पाच मजली इमारत आहे ना, तिथं. सहज. पोस्टात जायचंच होतं. दारावर मोठी हिरवी पाटी लावलीय, "पर्यावरणपूरक इमारत". सोसायटीचं सगळं अनुजा बघते. ती बनाबाईंची सून. बनाबाई म्हणजे त्या जागेच्या मूळ मालकीण, जागेच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला होता. बांधकाम चालू होतं तेव्हा म्हातारी रोज चार वाजता मला चहा पाठवायची. कपात, इतर गड्यांसारखा प्लास्टिकच्या पेल्यात नाही. आपल्याला असा कप कोण देतो हे तुला सांगायला नको.

अनुजानं मला ओळखलं. आत बसवलं. तिला त्या पाटीचा केवढा अभिमान. गच्चीवरचे सोलर बंब दाखवले, खताची टाकी दाखवली. चोवीस घरांना ओला कचरा वेगळा टाकायला तिनं कसं शिकवलं ते सांगितलं. एक दादा रोज मासळीची घाण सुक्या कचऱ्यात टाकायचा, तर तिनं ती पिशवी त्याच्याच दाराला नेऊन अडकवली. हसत सांगत होती. मग पार्किंगमध्ये नेऊन म्हणाली, "आणि ह्यो तुमचा खड्डा, मिस्त्री मामा. गच्चीचा एक थेंब वाया जात न्हाय बघा."

मी बघितला. जाळी तीच होती, माझ्याकडं पडून होती म्हणून बसवलेली. जाळीशेजारी एकजण गाडी धूत होता. साबणाचं पाणी जाळीतनं आत चाललं होतं.

मी विचारलं, प्यायला पाणी कुठलं? ती म्हणाली नळाचंच की. मग म्हणाली, पुरात नळ बंद असतो, उपसा केंद्रात पाणी शिरतं, तेव्हा मात्र बोर. बोर हाय म्हणून तर निभावतं.

चहा आला. भिंतीवर बनाबाईंचा फोटो होता, हार घातलेला. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

संध्याकाळी उदयसिंह साहेब घरी आले. कधी येत नाहीत. तुझ्या आईनं घाईनं चादर बदलली. साहेबांनी प्रसेनजीतच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून बोलले. फेरतपासणी हाय, फायलीतल्या मिस्त्रीला बोलावतील, तर म्हणायचं वय झालं, आठवत न्हाय. आणि जाताना म्हणाले, "इसरायला तुमाला काय कष्ट पडणार ओ? वयच हाय की."

प्रसेनजीत हसला. मीही हसलो.

तुझा आबा

२१ जुलै

संघप्रिया,

सदतीस फूट झाले. पाऊस घाटाकडं आहे आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडतील असं म्हणतात.

मी तुला खोटं लिहिलं होतं. बंगल्यातला खड्डा त्या अकरांत नाही. रिकाम्या जागा दहा आहेत. अकरावी शाहूपुरीची, आणि ती रिकामी नाही.

झालं असं. त्या इमारतीच्या वेळी महापालिकेचा जो इंजिनिअर आला तो वेगळा होता. तरुण पोरगा, हातात छत्री. फोटो बघून म्हणाला, फोटो नको, उद्या गच्चीवरनं पाणी सोडा, मी बघतो कुठं जातं. साहेबांनी मला बाजूला घेतलं. एका दिवसात खड्डा होत नाही, सहा फूट काळी माती आहे तिथं, पावसात ती उपसता येत नाही. मी विचार केला. पाणी जिरलेलं दिसलं पाहिजे ना? बोर तर तिथंच होती, तीन हातांवर. बोरच्या पाइपला भोक पाडलं आणि जाळीखालच्या चेंबरातनं चार इंची पाइप नेऊन त्यात सोडला. वर फरशी. ना वाळू, ना कोळसा, ना गाळणी. दुसऱ्या दिवशी त्या पोरानं गच्चीवर टाकी उपडी केली. पाणी खळखळ करत आलं आणि गडप झालं. तो खूश झाला. मला म्हणाला, मिस्त्री, असं काम पाहिजे. आजपर्यंत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

परवाना मिळाला की पाइप काढायचा असं ठरलं होतं. मग फरशीवर पॉलिश झाली आणि साहेब म्हणाले राहू दे.

ते चेंबर जमिनीच्या लेव्हलला आहे. नदी एक्केचाळीसला गेली की नाला उलटा फिरतो आणि त्याचं पाणी पार्किंगमध्ये येतं. तू इंजिनिअर आहेस, पुढचं तुला कळलं असेल. ज्या दिवशी नाल्याची घाण बोरात उतरते, त्याच दिवशी नळ बंद होतो आणि चोवीस घरं बोरवर येतात.

गेल्या वर्षी तसंच झालं. पूर ओसरल्यावर महिन्याभरानं तिथं काविळीची साथ आली. टँकरचं पाणी खराब होतं असं सगळे म्हणाले. बनाबाई त्यात गेल्या. सत्तरीच्या होत्या, लोक म्हणाले वय झालं होतं.

रक्षाविसर्जनाला मी गेलतो. लांब उभा राहिलो. अनुजाचा नवरा पाया पडला माझ्या, आईच्या ओळखीचे म्हणून.

मला तेव्हाच माहीत होतं. नक्की नव्हतं माहीत. म्हणजे मी स्वतःला तसं सांगायचो. टँकरच असेल, असं घोकायचो. पण मग बाकीच्या गल्लीला, त्याच टँकरचं पाणी पिऊन, काही का झालं नाही, हे मी एकट्यानंच मोजलं होतं.

सरकारनं सवलत दिली, पाटी दिली, लोकांनी उत्साहानं खत केलं, सोलर बसवलं. हे सगळं चांगलंच आहे, बाळ. अनुजासारखी बाई भेटली तर एक इमारत सुधारते. पण पाणी ओतलं, ते गेलं, एवढ्यावर सगळे थांबले. गेलं कुठं, हे ज्याला माहीत होतं तो गप्प बसला.

आता मी काय करू? सांगितलं तर प्रसेनजीतचा ठेका जातो आणि मी आत जातो. नाही सांगितलं तर चार फूट पाणी वाढायचं बाकी आहे. तुझी आई विचारते, सारखं आकडा आकडा काय करताय?

आबा

२४ जुलै

संघप्रिया,

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

काल सकाळी चाळीस फूट झाले. मी पिशवीत छिन्नी, हातोडी, करवत आणि चार इंची टोपण घातलं आणि शाहूपुरीत गेलो. तुझ्या आईला सांगितलं दवाखान्यात जातो. ठरवलं होतं की गुपचूप फरशी उचलायची, पाइप कापायचा, टोपण बसवायचं आणि निघून यायचं. कुणी विचारलं तर पाणी तुंबलंय म्हणायचं.

वाटेत दुसराच विचार डोक्यात आला. आज पाइप कापला तरी बोरात इतकी वर्षं गाड्या धुतलेलं पाणी गेलंय. गेल्या पुराचंही आत असेल. नुसतं कापून भागणार नव्हतं. ती बोर पिऊ नका असं कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं, आणि का पिऊ नका हे सांगायला पाहिजे होतं. मी मटण मार्केटच्या बाजूनं दोन फेऱ्या मारल्या. परत फिरलो होतो. खरंच परत फिरलो होतो, रिक्षाला हातही केला. तो थांबला नाही.

पार्किंगच्या तोंडाशी नाल्याचं पाणी आलेलं होतं, काळं, वर फेस. गाड्या काढायची धांदल चालली होती, त्यामुळं मी फरशी फोडायला बसलो तरी कुणी बघेना. तिसरी फरशी निघाली तेव्हा अनुजा आली. काय करताय मामा, म्हणून हसतच विचारलं तिनं. तिला वाटलं पुरापासनं खड्डा वाचवतोय.

मी बसल्या जागेवरनंच बोललो. वर बघायचं धाडस नव्हतं.

"खड्डा न्हाय ह्यो. ह्या पाइपातनं सगळी घाण तुमच्या बोरात उतरती. म्याच जोडलाय."

तिनं वाकून तो पाइप बघितला. चेंबरपासून बोरपर्यंत नजर नेली. हिशेब लागायला तिला वेळ लागला नाही, हुशार बाई आहे. तिनं फक्त एक विचारलं.

"आत्ती गेल्या तवा म्हाईत हुतं तुमास्नी?"

आत्ती म्हणजे तिच्या सासूबाई. मला आठवत नाही असं म्हणता आलं असतं. साहेबांनी वाक्य शिकवलंच होतं.

"व्हय," मी म्हटलं.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला, माझ्या समोर बसली आणि पाइपचं दुसरं टोक धरलं. कापा म्हणाली. करवत ओल्या पाइपवर घसरत होती, तिनं धरला म्हणून कापला गेला. टोपण बसवलं. बोरच्या भोकाला पत्रा आवळून वर सिमेंट लावलं. तोवर पाणी आमच्या घोट्यापर्यंत आलं होतं. एवढ्या वेळात मी तिच्या तोंडाकडं एकदाही बघितलं नाही.

मग तिनं जिन्यात उभं राहून वरपर्यंत ओरडून सांगितलं, बोरची मोटर कुणी चालू करायची नाही, टाक्या उपसून टाका, लहान पोरांना बाटलीचं पाणी द्या. एकजण भांडायला लागला की एवढ्या पुरात टाकी रिकामी करायची म्हणजे काय डोकं फिरलंय का. तिनं त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तो खाली आला, मला बघितलं आणि परत वर गेला.

निघताना तिनं मला दारात थांबवलं. "पाणी वसरलं की तुमच्यावर केस करणार हाय मी. पळून जायाचं न्हाय."

मी नाही जाणार म्हटलं. पण बाळ, एसटी स्टँडवरनं येताना हातकणंगलेची गाडी लागली होती. तुझ्या मावशीकडं जाऊन राहावं असं वाटलं. दाराच्या दांडीला हातही लावला. मग घरी आलो.

आबा

३ ऑगस्ट

संघप्रिया,

पाणी उतरलं. पार्किंगमध्ये चार फूट आलं होतं. बोरचं पाणी तपासायला नेलं, त्यात जंतू निघाले. गेल्या वर्षीचे का यंदाचे ते कुणी सांगू शकत नाही. चोवीस घरांत आजपर्यंत कुणी आजारी नाही. काविळीला महिनाही लागतो म्हणतात, त्यामुळे मी अजून दिवस मोजतोय. अनुजाच्या धाकटीला परवा ताप आला होता, तो साधा निघाला. तो दिवस मी कसा काढला ते लिहीत नाही.

अनुजानं केस केली. मी महापालिकेत जाऊन अकरा जागा लिहून दिल्या, खाली गणपती अशी सही करून. उदयसिंह साहेबांचं नाव लिहिताना पेन दोनदा थांबलं, पण लिहिलं. प्रसेनजीतचा ठेका गेला. तो बायकोला घेऊन वारणानगरला तिच्या माहेरी गेलाय. जाताना तुझ्या आईच्या पाया पडला, माझ्या नाही. तुझी आई माझ्यासमोर ताट ठेवते आणि आत जाते. चौकीत गुरुवारी परत बोलावलंय. पुढं काय होईल कुणी नीट सांगत नाही. वकील म्हणाला वय बघतील. मला ते वाक्य आता ऐकवत नाही.

घरफाळ्याच्या सवलतीचं त्यांनी आता वेगळं ठरवलंय असं तिथल्या इंजिनिअरनं सांगितलं. खड्डा खणताना तीनदा येऊन बघायचं, माती निघाली की, खडी भरली की आणि झाकण बसलं की. पुढंही दरवर्षी बोरचं पाणी तपासल्याशिवाय सवलत नाही. शाहूपुरीच्या इमारतीची पाटी काढली नाही, वर्षभराची मुदत दिलीय. तेवढ्यात खरा खड्डा झाला पाहिजे.

तो मी खणायचा असं अनुजानं ठरवलंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे नको म्हणत होते, हा माणूस परत दारात नको. ती म्हणाली, खाली काय हाय आन काय न्हाय हे ह्येलाच ठावं हाय, ह्येलाच खणू द्या, मी शेजारी खुर्ची टाकून बसती. आणि ती बसते. परवापासून मी खाली कुठं पाइप आहेत, कुठं चेंबर आहेत ते दाखवतो, ती वहीत लिहिते. चहा मी घरून नेतो.

मंगळवारी रेघ मारायची आहे. जागा दोन आहेत. एक पुढच्या अंगाला, तिथं दोन गाड्यांची जागा जाते म्हणून लोक कुरकुरतात. दुसरी मागं, तिथं कुणाची तक्रार नाही, पण संडासाच्या चेंबरपासून ती वीस फुटांवर येते. इंजिनिअर म्हणतात वीस पुरे. अनुजानं माझ्याकडं बघितलं. मी तीस वर्षं गवंडीकाम केलं, खड्डे कागदावर करून दिले, आणि किती फूट लांब पाहिजे हे मला माहीत नाही, बाळ. कधी माहीत करून घेतलंच नाही. काळ्या मातीतनं घाण किती लांब सरकते, मुरूम लागल्यावर किती, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. मी मान हलवून वीस म्हटलं असतं, तर तिनं लिहून घेतलं असतं.

मी म्हटलं, माझ्या मुलीला विचारतो.

तेवढंच सांग. खुशाली नको, नाव नको, कागदावर नुसता आकडा लिहून पाठव. तो येईपर्यंत मी कुदळ मारत नाही.

गणपती